अनुभव: हॉटेलाचे पॉइंट माइल्समध्ये बदलायचे, की राहू द्यायचे?

संत्राबाग
हॉटेलात राहिलं की पॉइंट जमतात, त्यावर खोली मिळते; विमान कंपनीचे माइल्स तसेच, त्यावर तिकीट. "तुमच्या पॉइंटांची मुदत संपत आलीय, विमानाच्या माइल्समध्ये बदला" असा हॉटेलाचा मेल आला आणि शाळेतलं अदलाबदलीचं गणित आठवलं. तीन पायल्या ज्वारी द्या, एक पायली तूर घ्या. गुरुजी म्हणायचे, "ज्वारी मोजाच्या आधी समोरच्याच्या घरात तूर आहे का ते पाह्य."
मॅरियट हॉटेलांची सभासद योजना बॉनव्हॉय, तिचा भाव अगदी हाच आहे: ३ पॉइंटांना १ माइल, कमीत कमी ३,००० पॉइंट. ६०,००० एकदम दिले की ५,००० माइल्स वरकड, म्हणजे २०,००० च्या ऐवजी २५,०००. एका दिवसात जास्तीत जास्त २,४०,००० पॉइंट. गेले ते गेले, परत येत नाहीत.
आर्वी, दर्यापूर, उमरेडच्या माणसाला मॅरियटची खोली म्हटली की जवळची म्हणजे नागपूरला वर्धा रोडवर ल मेरिडियन. गावची शेवटची गाडी उभी असताना तिथं झोपते कोण? म्हणून माइल्सचा मोह होतो. ज्यांना यातलं कळते त्यांनी भाव, पायऱ्या आणि कुठं फसते ते लिहा.

पांढरं सोनं
आधी आपल्या पॉइंटचा भाव काढा. समजा खोली ८,००० ची. ७,५०० च्या वर म्हणून १८ टक्के जीएसटी, झाले ९,४४०. तीच खोली १५,००० पॉइंटांत मिळत असेल तर एक पॉइंट ६३ पैशाचा. लोक जीएसटी धरत नाहीत, ५३ पैसे काढतात आणि पॉइंट स्वस्तात फुंकतात.
आता माइल कितीला पडला ते पाहा. ६०,००० च्या गठ्ठ्यात ३७,८०० रुपयांचे पॉइंट गेले, २५,००० माइल्स आले. म्हणजे १ रुपया ५१ पैशाला एक. गठ्ठा न करता बदलले तर १ रुपया ८९ पैसे.
मग तिकीट. समजा रोख भाव ४२,०००, आणि माइल्सवर घेतलं तर २५,००० माइल्स अधिक ९,००० कर. वाचले ३३,०००. भागिले २५,०००, आला १ रुपया ३२ पैसे. दीड रुपयाचा माल देऊन १.३२ चा घेतला. नका करू.
बिझनेस क्लासला उत्तर बरेचदा उलटं येते, कारण रोख भाव ज्या पटीत चढतो त्या पटीत माइल्स चढत नाहीत. पण जे तिकीट आपण खिशातून कधीच काढलं नसतं, त्याचा छापील भाव धरून "दोन लाख वाचवले" म्हणणं म्हणजे न पेरलेल्या वावराचं उत्पन्न मोजणं.

लालपरी
बिझनेस क्लास म्हने! इथं पुलगावच्या गाडीत खिडकी भेटली तं आम्ही अपग्रेड समजतो 😄

टिपूरचांदणं
संत्राबाग दादा, बाकीच्या हॉटेल कंपन्यांचेही भाव टाकते.
हिल्टन: बहुतेक ठिकाणी १०,००० पॉइंटांना १,००० माइल्स. विसरून जा.
आयएचजी: १०,००० ला २,०००.
हयात: अडीचला १, आणि ५०,००० एकदम दिले तर ५,००० जास्त, म्हणजे २५,०००. कागदावर हा भाव सगळ्यांत चांगला दिसतो, पण हयातच्या पॉइंटची खोलीतच किंमत जास्त येते, म्हणून तोही सहसा परवडत नाही.
ॲकॉर: बहुतेक एअरलाइनना २ ला १. पण ॲकॉरचे २,००० पॉइंट म्हणजे हॉटेलच्या बिलात ४० युरोची सूट, ठरलेली. युरो १०० रुपयांचा धरा, ४,००० रुपये. त्याचे माइल्स मिळणार १,०००. चार रुपयाला एक माइल. एवढ्यात एअरलाइनकडून विकत घेतले तरी स्वस्त पडतील.

संत्राबाग
टिपूरताई, हे फ्रिजवर चिकटवतो.

धाबं
नाव. नाव. नाव. पॉइंट अडकतात ते इथं. हॉटेलच्या खात्यात नाव आणि आडनाव दोनच शब्द, अन् एअरलाइनचं खातं पासपोर्ट पाहून काढलं म्हणून पहिल्या नावाच्या खान्यात वडलांचंही नाव बसलेलं. मशीनला हे दोन माणसं वाटतात. बायांचं तं अजून बेकार, एकीकडं माहेरचं, एकीकडं सासरचं. पॉइंट पाठवाच्या आधी दोन्ही खाती उघडून अक्षर न् अक्षर जुळवा, स्पेलिंगसकट. फरक असला तर हॉटेलच्या खात्यातलं नाव ओळखपत्र देऊन बदलून घ्या. एअरलाइनचं पासपोर्टप्रमाणंच राहू द्या, नाही तं विमानतळावर पंचाईत.

मुक्काम पोस्ट
+१. आणि ओटीपीच्या खिडकीला वेळ थोडा असतो. आमच्याकडे रेंज फक्त धाब्यावर (गच्चीवर), म्हणजे लॅपटॉप खाली आणि फोन वर. लॅपटॉप घेऊनच चढा.

धाबं
माझ्यावर चढू नका म्हणजे झालं 😂

उडता पतंग
नागपूरवाल्यांसाठी: कतार एअरवेज नागपूरहून दोह्याला उडते, त्यामुळं मुंबईची रात्र वाचते. त्यांच्या माइल्सचं नाव मार्च २०२२ पासून एव्हिओस. मॅरियटमधून ३ ला १, वरकड ५,००० मिळतात. एव्हिओस ब्रिटिश एअरवेजच्या खात्यात एकास एक फिरवता येतात, परतही आणता येतात, म्हणून एका जागी अडकत नाहीत.
दुसरं, अमेरिकेची युनायटेड एअरलाइन्स. तिथं ६०,००० ला २५,००० नाही, ३०,००० मिळतात. युनायटेड ज्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे त्यातच एअर इंडिया २०१४ पासून आहे, म्हणून युनायटेडच्या माइल्सवर एअर इंडियाची सीट निघते, आणि युनायटेड इंधन अधिभार लावत नाही. पांढरं सोनं यांनी जे ९,००० कर धरले ते अशा वेळी बरेच खाली येतात.
अमेरिकन, डेल्टा, एव्हियांका या विमान कंपन्यांना वरकड नाही. तिथं ६०,००० चे २०,०००च.

बेलोरा
मंग अमरावतीहून मुंबईचं विमान एअर इंडियाच्या माइल्सवर भेटते का?

उडता पतंग
नाही. बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं ते अलायन्स एअरचं, आणि ती आता एअर इंडियाचा भाग नाही. नावात "अलायन्स" आहे म्हणून स्टार अलायन्सही नाही. तेवढ्यासाठी माइल्स जाळू नका, तिकीट घ्या.

बेलोरा
बरं झालं इचारलं.

कापूसकोंड्या
माझी यादी, घाईत लिहितोय, सैपाक गॅसवर आहे:
एअरलाइनच्या साइटवर तारीख टाकून माइल्सवाली सीट खरंच दिसते का पाहा. दोन-तीन तारखा हाताशी ठेवा. मग हॉटेलच्या खात्यात पॉइंट वापरायच्या पानावर जाऊन एअरलाइन निवडा, सभासद क्रमांक टाका, आकडा टाका. ६०,००० लिहा, ५९,००० नको. हजार पॉइंटांनी ५,००० माइल्स जातात. स्क्रीनशॉट काढून ठेवा.
कुठं दोन-तीन दिवसांत पोचतात, कुठं जास्त लागतात. तेवढ्यात सीट गेली तर माइल्स त्या एअरलाइनच्या खात्यात पडून राहतात. तिकीट रद्द केलं तरी ते तिथंच जमा होतात, वर रद्द करायचं शुल्क. हॉटेलात परत येत नाहीत.

लालपरी
सैपाक करपला का?

कापूसकोंड्या
पिठलं होतं. आता खमंग आहे.

टिपूरचांदणं
मुदतीच्या मेलला घाबरून बदलू नका हो कोणी. मॅरियट आणि हिल्टनचे पॉइंट २४ महिने काहीच हालचाल नसेल तर जातात, आयएचजीचे साध्या सभासदाला १२ महिने. थोडे पॉइंट कमावले किंवा वापरले की घड्याळ परत शून्यावर. मात्र मॅरियटमध्ये घरच्यांना पॉइंट देणं-घेणं हालचालीत धरत नाहीत. उलट सिंगापूर एअरलाइन्सचे माइल्स ३६ महिन्यांनी तारखेनं मरतात, हालचाल असो नसो. जगवायला म्हणून तिकडे पाठवले तर मरणाची तारीखच पक्की केली.

पांढरं सोनं
आणि मॅरियटमध्ये पॉइंटांवर सलग पाच रात्री घेतल्या तर चारच्याच पॉइंटांत होतात. मग वरच्या हिशोबातला पॉइंट ६३ चा ७९ पैसे होतो, आणि ६०,००० च्या गठ्ठ्यातला माइलही १ रुपया ८९ पैशावर जातो. मुंबई-पुण्यात आठवडाभर काम असणाऱ्यानं पॉइंट खोलीतच घालावेत.

गोसीखुर्द
एचडीएफसीच्या मॅरियट क्रेडिट कार्डावर जी फ्री नाइट येते ती माइल्समध्ये जाते का?

पांढरं सोनं
नाही. ती १५,००० पॉइंटांपर्यंतच्या खोलीची चिठ्ठी आहे, पॉइंट नाहीत. मुदतीत वापरायची. खोली महाग असेल तर वरचे पॉइंट आपल्या खात्यातून घालता येतात.
दुसरं, एखाद्या कार्डाचे पॉइंट सरळ एअरलाइनला जात असतील तर आधी हॉटेल आणि मग विमान असं फिरवू नका. दोनदा दलाली.

वांगेभरीत
अवांतर. संत्राबाग भाऊ, अंबिया बहाराच्या संत्र्याची फळगळ थांबली का?

संत्राबाग
जिबरेलिक ॲसिड दीड ग्रॅम, युरिया १ किलो, १०० लिटर पाणी. पावडर आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, सरळ पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात.

लालपरी
अल्कोहोल आणाले मीच जातो, भाऊ.

गोसीखुर्द
शेवटचं. माझे ५७,००० आहेत, तीन हजारांसाठी अडलंय. सीट दिसतेय.

टिपूरचांदणं
विकत घेऊ नका. मॅरियटमध्ये एका खात्यातून दुसऱ्यात वर्षाला १,००,००० पर्यंत पॉइंट फुकट देता येतात. वहिनींच्या खात्यात असतील तर ३,००० मागून घ्या, आपल्या खात्यात ६०,००० दिसू द्या, मगच एअरलाइनला पाठवा. खातं अगदी नवं असेल तर मात्र काही दिवस थांबवतात.

गोसीखुर्द
तिच्याकडे ११,००० आहेत. पण कशाला पाहिजेत ते सांगावं लागेल.

लालपरी
मंग दोन तिकिटांचा हिशोब करा.