टीममधल्या मुलीला घरी मारहाण होतेय, मी काय करू?

हिंजवडीकर: माझ्या टीममधली एक जण, कामात एकदम चोख, पण हल्ली सारखी लेट येते, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद, आणि नवऱ्याचा फोन दर अर्ध्या तासाला, नाही उचलला तर तो थेट रिसेप्शनवर करतो. काल डबा खाताना स्वतःच म्हणाली की घरी हात उचलतो. एचआर म्हणतंय पर्सनल मॅटर आहे. खरंच?

माईसाहेब: पर्सनल कसलं डोंबलाचं, फोन ऑफिसात येतोय ना! आधी तिला विचार काय हवंय, परस्पर पोलिसात जाऊ नकोस, नाहीतर रात्री घरी तिलाच भोगावं लागेल. रिसेप्शनला सांगून ठेव, ती कुठे आहे, कधी निघाली काही बोलायचं नाही. आणि लेट मार्क लावून पगार कापू नका रे, पगार असला तर ती बाहेर पडू शकते.

वकीलकाका: पॉश कायदा इथे लागू नाही, तो ऑफिसमधल्या लैंगिक छळासाठी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा बघा, कलम १८ खाली मॅजिस्ट्रेट नवऱ्याला तिच्या कामाच्या ठिकाणी यायला, फोन करायलाही मनाई करू शकतात. याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, महिला हेल्पलाइन १८१.

हिंजवडीकर: रिसेप्शनला आजच सांगतो. वर्क फ्रॉम होम देऊ का तिला?

माईसाहेब: अरे देवा, नको! ऑफिसचे आठ तासच तर सुटका आहे तिची. तिने मागितलं तरच.