ट्रेनरने गुरू निवडताना दंड पाहावेत की नोंदवही?

नोंदवही

'दंडबैठक' यांचे नव्या ट्रेनरांसाठीचे टिपण परवा वाचले आणि दोन दिवस गप्प बसण्याचा प्रयत्न केला. तो फसला म्हणून हा धागा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ज्याच्यासारखे शरीर आपल्याला हवे आहे अशा एकाच माणसाला गुरू करावे, पहिली पाच वर्षे त्याचे बोट सोडू नये आणि 'ज्याला स्वतःचे पोट आवरता आले नाही तो दुसऱ्याचे काय आवरणार' हा प्रश्न सतत मनात ठेवावा.

शरीर कमावण्याला माझा विरोध नाही. कमावलेले शरीर नेमका कशाचा पुरावा आहे, एवढाच माझा प्रश्न आहे. स्वतःला घडवताना ट्रेनरला एकच क्लायंट मिळालेला असतो, आणि तोही असा की जो कधी दांडी मारत नाही, ज्याची झोप, जुनी दुखणी आणि घरच्या विवंचना विचारून घ्याव्या लागत नाहीत. असा एकच क्लायंट हाताळलेल्या माणसाला आपण एरवी अनुभवी म्हटले असते काय? त्यातही त्या यशात कष्ट किती आणि वारसा किती, हे बाहेरून कळत नाही. व्यायाम-संशोधक क्लॉड बूशार यांच्या 'हेरिटेज' नावाच्या अभ्यासात बैठे जीवन जगणाऱ्या माणसांकडून २० आठवडे एकाच पद्धतीचा, देखरेखीखालचा व्यायाम करून घेतला होता. तरीही काहींची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता जागची हलली नाही आणि काहींची मिनिटाला १ लिटरहून अधिक वाढली. हा फरक बराचसा घराण्यांनुसार पडतो असेही त्यात दिसले. झटपट प्रतिसाद देणारे शरीर लाभलेल्या गुरूला, प्रतिसाद न देणाऱ्या क्लायंटचे काय करायचे, हे कधी शिकावेच लागलेले नसते.

मी जिच्याकडे शिकले तिला रस्त्यात पाहून कोणी ट्रेनर म्हटले नसते. एका साठीच्या गृहस्थांना खुर्चीवरून हात न टेकता उठता येत नव्हते, तेव्हा तिने बैठकीवर रबरी चटयांची चळत रचली आणि ती दर आठवड्याला एक चटई काढत गेली. पाचव्या आठवड्यात तिने काढलेली चटई मुकाट्याने परत ठेवली आणि वहीत लिहिले, 'घाई माझी होती, त्यांची नव्हती.' ते पान मला दाखवण्याची तिला काहीही गरज नव्हती.

दंडबैठक

माझ्या टिपणातले एकच वाक्य उचलून त्यावर आपण एवढी इमारत उभी केली, याबद्दल आभार. पोटाचे वाक्य जरा खवचट होते, हे मान्य. मूळ मुद्दा मात्र एकनिष्ठतेचा होता आणि त्याला आपण स्पर्शही केलेला नाही.

आजचा नवा ट्रेनर सकाळी एकाची चित्रफीत पाहतो, दुपारी दुसऱ्याची, आणि संध्याकाळी क्लायंटला दोन्हींची खिचडी वाढतो. मीही तेच करत होतो. दुसऱ्या वर्षी मी दर तीन आठवड्यांनी सगळ्यांचे कार्यक्रम बदलत असे आणि त्याला 'वैविध्य' असे भारदस्त नाव देत असे. माझ्या गुरूंनी ते बंद पाडले आणि वर्षभर त्याच सहा हालचाली करायला व शिकवायला लावल्या. डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरून वजनाचा बार उचलताना, माझा बार पायापासून लांब जायचा, तेव्हा त्यांनी माझ्या नडग्यांना खडू फासला आणि बारवर पांढरा पट्टा उमटला नाही तर ती उचल मोजायची नाही असे ठरवले. पहिल्या दिवशी एकही मोजली गेली नाही. हे ज्ञान स्वतः जड वजनाखाली उभे राहिलेल्या माणसाकडेच असते; वहीत सुंदर अक्षर काढणाऱ्याकडे ते असेलच असे नाही.

त्यांनी पहिल्या दिवशी सांगितले होते की, स्क्वॉटमध्ये, म्हणजे वजन घेऊन बैठक मारताना, गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये. गेली नऊ वर्षे मी तेच शिकवत आहे आणि माझ्या एकाही क्लायंटचा गुडघा गेलेला नाही. एकाच गुरूचा फायदा तो हा.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि या धाग्यात केवळ वाचक म्हणून आलो होतो, परंतु शेवटचा परिच्छेद वाचून राहवले नाही. गुडघ्याचा हा नियम सरसकट लावणे चूक आहे. फ्राय, स्मिथ आणि शिलिंग या संशोधकांनी २००३ साली गुडघ्यांसमोर फळी उभी करून, म्हणजे गुडघे पुढे जाण्याची वाटच अडवून, स्क्वॉट करायला लावले. गुडघ्यावरचे आघूर्ण (सांध्याला फिरवू पाहणारा जोर) सुमारे १५० वरून ११७ न्यूटन-मीटरवर आले खरे, पण नितंबसांध्यावरचे २८ वरून ३०२ वर गेले. धडही पुढे अधिक झुकले. गुडघा वाचवल्याच्या समाधानात आपण तो भार कोणाच्या गळ्यात घातला, हे पाहायला नको काय?

आणि जिना उतरताना प्रत्येक पायरीला गुडघा बोटांच्या पुढे जातोच. आपले क्लायंट जिना पाठमोरे उतरतात की काय, हे कळल्यास बरे होईल.

दंडबैठक

सात माणसे! तो अभ्यास सात माणसांवरचा आहे, हे आपण सोयीस्कररीत्या गाळले. माझे नऊ वर्षांचे क्लायंट एका बाजूला आणि फळीसमोर बसलेली सात माणसे दुसऱ्या बाजूला. शिवाय आपल्याकडे दुखणारी माणसेच येतात, त्यामुळे आपल्याला सगळे जग लंगडत चाललेले दिसते, यात नवल नाही.

सांधेजोड

सात हा आकडा लहान आहे, हे कबूल. पण आपल्या नऊ वर्षांच्या हिशेबात एक रकाना कोरा आहे. ज्यांचे दुखू लागले ते आपल्याला कळवायला परत आले नाहीत. ते माझ्याकडे आले. येतानाही ते उशिरा आले, कारण ट्रेनरने त्यांना सहा महिने 'सवय होईल' असे सांगितले होते. दुखणे आपल्या आवाक्याबाहेर गेले की दुसऱ्याकडे पाठवावे, एवढी साधी गोष्ट शिकवणारा गुरू या व्यवसायात मला फार क्वचित आढळला आहे, आणि त्याचा राग मी इथे काढत आहे हेही मला समजते.

बिनपगारी

गुडघ्यांचा निकाल लागेपर्यंत मूळ विषयावर थोडे बोलू द्यावे. 'गुरूचे बोट सोडू नये' हा सल्ला ऐकला की माझे पित्त खवळते. मी अशाच एका पिळदार गुरूंकडे चौदा महिने काढले. प्लेटा जागेवर लावणे, चटया पुसणे, त्यांच्या चित्रफितींखाली मजकूर लिहिणे, हे सारे मी केले. पैसे नव्हते, कारण मी 'शिकत' होतो. या चौदा महिन्यांत मला एकही कार्यक्रम स्वतः आखू दिला गेला नाही. त्यांचा आठवड्यातले सहा दिवस चालणारा कार्यक्रम मी जसाच्या तसा लोकांकडून करून घेत असे आणि लोक थकून गळत असत. दोष अर्थातच त्यांच्या 'इच्छाशक्ती'ला दिला जाई.

अकराव्या महिन्यात कळले की गुरूंचे ते शरीर इंजेक्शनांच्या आधाराने उभे होते. भसीन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ४३ पुरुषांवर केलेला प्रयोग मी त्यानंतर वाचला. त्यात आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेऊन काहीही व्यायाम न करणाऱ्यांचे चरबीविरहित वजन १० आठवड्यांत सुमारे ३ किलोने वाढले होते, तर औषधाविना व्यायाम करणाऱ्यांचे सुमारे २ किलोने. ज्याचे शरीर पाहून मी त्याची पद्धत उचलली, त्या शरीरात पद्धतीचा वाटा किती होता, हे मला आजही सांगता येणार नाही. आता कोणी विचारले तर मी एवढेच सांगतो की, गुरूच्या जुन्या शिष्यांना शोधा. ते स्वतंत्रपणे काम करत असतील आणि गुरूविरुद्ध एखादे वाक्य न घाबरता बोलत असतील, तर खुशाल जा.

दंडबैठक

आपल्याला वाईट गुरू भेटला, त्याचे मला मनापासून वाईट वाटते. पण त्यावरून गुरू करूच नये, असा निष्कर्ष काढणे म्हणजे एकदा ठेच लागली म्हणून चालणेच सोडण्यासारखे आहे. माझे गुरू असली औषधे घेत नाहीत.

बिनपगारी

गुरू करू नये असे मी कुठे म्हटले? कृपया पुन्हा वाचावे. आणि 'माझे गुरू घेत नाहीत' हे वाक्य मीही दहा महिने ठणकावून सांगत होतो.

चाळिशीतला

मी या व्यवसायात एकोणचाळिसाव्या वर्षी आलो, त्यामुळे ज्याच्यासारखे शरीर हवे असा गुरू मी शोधला असता तर तो बहुधा माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान निघाला असता. आदर्श आणि मार्गदर्शक यांची इथे गल्लत होते आहे, असे मला वाटते. मार्गदर्शकाने आपले काम डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे. आदर्श मात्र कधी न भेटलेला माणूसही चालतो.

माझा आदर्श अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना त्यांनी जड वजने उचलायला लावली, तीही दुखापतीनंतर जड भार टाळावा असे मानले जात असताना. पण मला ते आवडतात ते त्या धाडसासाठी नव्हे. १९४५ साली त्यांनी दहा-दहा उचलींचे ७ ते १० सेट, म्हणजे एकूण ७० ते १०० रेप्स सांगितल्या होत्या. १९४८ साली सहकारी वॉटकिन्स यांच्याबरोबर लिहिताना त्यांनी तो आकडा आपणहून २० ते ३० वर आणला, कारण आधीचा त्यांना जास्त वाटू लागला होता. दहा-दहाचे तीन सेट आपण सगळे झोपेतही सांगतो. त्यामागे स्वतःचाच सल्ला तीन वर्षांत खाली आणणारा माणूस आहे.

नोंदवही

हेच मला सुरुवातीला म्हणायचे होते आणि मी उगाच हेरिटेजपर्यंत गेले. दंडबैठक, आपल्या गुरूंनी गेल्या नऊ वर्षांत स्वतःचा कोणता सल्ला मागे घेतला, हे सांगाल काय? प्रश्न टोमणा म्हणून विचारलेला नाही. अगदीच नाही असेही नाही.

दंडबैठक

काल रात्री गुरूंना फोन केला. गुडघ्याचे विचारले. ते आधी हसले आणि म्हणाले, 'तुझ्या टाचा उचलल्या जात होत्या म्हणून तुला ते तीन महिन्यांपुरते सांगितले होते. नऊ वर्षे सगळ्यांना शिकव असे कोणी सांगितले?'

म्हणजे गुरू बरोबरच होते, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.

सांधेजोड

घेतली. जिन्याचा प्रश्न मी मागे घेतो. ते वाक्य इतकी वर्षे ऐकलेल्या क्लायंटांना आता कोण कळवणार?

दंडबैठक

सध्याच्या क्लायंटांना सोमवारपासून मीच सांगणार आहे, आणि ते सांगणे मला सोपे जाणार नाही, हे आपल्याला वाचायचे असेल तर वाचून घ्या. पाच वर्षांच्या मुद्द्यावरून मात्र मी हललेलो नाही. नोंदवही, आपल्या गुरूंच्या त्या चटयांच्या पानाचे छायाचित्र क्लायंटचे नाव झाकून इथे देता आले तर द्या. अक्षर लागले तर माझ्या शिकाऊ मुलांना दाखवीन. ती सध्या माझे दंड पाहून शिकत आहेत.