बॅकटेस्टमध्ये स्लिपेज किती धरायचं?

कोथरूडकर: कर्वेनगरच्या आमच्या ट्रेडर मंडळींत एकाने निफ्टी स्ट्रॅडलचा बॅकटेस्ट (जुन्या भावांवर स्ट्रॅटेजी चालवून बघणं) दाखवला. ९:२० ला एटीएम, म्हणजे निफ्टीच्या चालू पातळीजवळच्या स्ट्राइकचे कॉल-पुट ऑप्शन विकायचे, दोन्हींवर २५ टक्के स्टॉपलॉस (भाव तेवढा विरुद्ध गेला की सौदा बंद), ३:१५ ला बाहेर. दिवसाला सरासरी ३ पॉइंट नफा, पण स्लिपेज, म्हणजे ठरलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतला फरक, शून्य! कॉल आणि पुट असे दोन लेग, जाऊन-येऊन चार सौदे. प्रत्येकी अर्धा पॉइंट धरला तर २ पॉइंट तिथेच गेले. उरलेल्या एकातून ब्रोकरेज आणि एसटीटी (सौद्यावरचा कर). असा निकाल बघून कुणी पैसे लावू नयेत.

औंधवाला: दादा, मुद्दा पटला, आकडा नाही. निफ्टी ऑप्शनची टिक, म्हणजे भावातली सर्वांत लहान पायरी, ५ पैशांची. शांत बाजारात एटीएमला बिड-आस्कमध्ये (घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावात) मोजक्याच टिकांचं अंतर असतं. सरसकट अर्धा पॉइंट लावलात तर चांगली स्ट्रॅटेजीही कागदावरच मरेल. महिनाभर एका लॉटने चालवा, सिग्नलचा भाव आणि ट्रेडबुकातला भाव शेजारी ठेवा. येईल तो फरक धरा.

कोथरूडकर: त्या महिन्यात ४ जून २०२४ सारखा दिवस येईलच असं नाही. लोकसभेच्या निकालाला निफ्टी जवळपास ६ टक्के पडला होता. स्टॉपलॉस लागतो तेव्हाच भाव पळत असतो आणि विकलेले ऑप्शन परत घ्यायला सगळे एकदम धावतात. म्हणून एंट्रीला काही टिक पुरतील, स्टॉपलॉसला प्रीमियमचे (ऑप्शनच्या भावाचे) २-३ टक्के धरा. स्टॉपलॉसच्या ट्रिगरचा भाव आणि चार्टवरच्या पुढच्या कँडलचा ओपन (सुरुवातीचा भाव), यांतला जो वाईट तो घ्या.

सिंहगड रोड: मग लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच सौदा) लावा ना. स्लिपेजच नाही!

कोथरूडकर: ताई, मग सौदेच हुकतात. भाव लिमिटला नुसता टेकला की बॅकटेस्ट सौदा झाला म्हणतो. एक्सचेंजवर त्याच भावाला आधी लागलेल्या ऑर्डरी आपल्या पुढे असतात. भाव टेकून आपल्या बाजूने वळला तर सौदा मिळत नाही, विरुद्ध गेला तर नक्की मिळतो. भाव लिमिट ओलांडून गेला तरच सौदा मोजा.

औंधवाला: स्टॉपलॉसचं वेगळं धरणं मान्य. पण माझ्यासारखा शेअर डिलिव्हरीत घेऊन महिना-महिना थांबणारा १०-१५ टक्क्यांच्या चालीसाठी बसतो. तिथे ०.२ टक्के स्लिपेजने काय बिघडतं?

सिंहगड रोड: स्मॉलकॅप (छोट्या कंपनीचा शेअर) असेल तर बिघडतं. लोअर सर्किटला (दिवसात भाव पडण्याच्या मर्यादेला) घेणाराच नसतो, आणि बॅकटेस्ट त्याच भावाला खुशाल विकून मोकळा होतो. तुमच्या टेस्टमधून ते दिवस वगळलेत का?

औंधवाला: नाही वगळले. पण माझी यादी निफ्टी ५०० मधली आहे. तरी आज रात्री ते दिवस काढून परत चालवतो, आकडे इथेच टाकतो. अर्ध्या पॉइंटबद्दल मात्र माझं मत तेच.