मदत हवी आहे : नेरूळला तात्पुरत्या नेमणुकीवर येणाऱ्या परिचारिकेसाठी खोली

नमस्कार. माझी धाकटी बहीण अतिदक्षता विभागात परिचारिका असून, साताऱ्याहून तीन महिन्यांच्या कंत्राटी नेमणुकीवर नेरूळच्या एका रुग्णालयात रुजू होत आहे. ट्रान्स-हार्बर मार्गाने ठाण्याला आमच्या घरी थेट लोकल मिळते हे खरे, पण रविवारी मेगाब्लॉक लागला की बसचाच आधार उरतो, आणि रात्रभर रुग्णांपाशी उभी राहिलेल्या मुलीने तो प्रवास करावा हे मला पटत नाही. म्हणून नेरूळ किंवा सीवूड्स स्थानकाजवळ, अकरा महिन्यांच्या कराराचा आग्रह न धरणारी, दिवसा निवांत झोपता येईल अशी खोली कोणाला ठाऊक आहे का? डिपॉझिट साधारण किती मागतात आणि संध्याकाळी पाळीवर निघण्यापूर्वी घरगुती डबा कुठे मिळेल, हेही कृपया कळवावे.