दोन पीसी, दोन्हींची वेळ चुकते, पण वेगवेगळ्या तऱ्हेने

ताळेबंद:
ऑफिसात दोन डेस्कटॉप आहेत, दोन्हींवर विंडोज १०.

पहिला, साधारण नऊ वर्षांचा: सकाळी चालू केला की तारीख थेट २०१५ची. ब्राउझर प्रत्येक साइटवर ‘कनेक्शन प्रायव्हेट नाही’ म्हणतो. इंटरनेटवरून वेळ जुळवणारं विंडोजमधलं ‘सिंक नाउ’ बटण दाबलं की एरर येते. दुपारी रीस्टार्ट केला तर तारीख टिकते, म्हणून मदरबोर्डवरच्या सेलवर संशय घ्यावा की नाही कळत नाही. रात्री आम्ही मेन स्विच बंद करतो.

दुसरा नवा आहे. त्यावर लिनक्स मिंटही आहे. मिंटमधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. सेल नवीन टाकून पाहिला, फरक नाही. ‘सिंक नाउ’ने तेवढ्यापुरतं जुळतं.

दोन्हींचं मूळ एकच असेल का?

सोल्डरगन:
नाही, दोन वेगळे दोष आहेत. वेळ किती चुकते आणि कधी चुकते हे आधी बघायचं, निम्मं निदान त्यातच होतं. वर्षंच मागे गेली तर सेल. बरोब्बर साडेपाच तास असतील तर आयएसटी (भारतीय वेळ) आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) यांचा घोळ. रोज एक-दोन सेकंद हा दोषच नव्हे: घड्याळाचा क्रिस्टल ३२,७६८ हर्ट्‌झचा असतो, त्यात दशलक्षात २० भागांची चूक धरली तरी दिवसाला १.७ सेकंद होतात.

पहिल्या पीसीचा सेल संपलाय. दुपारी तारीख टिकते कारण पीसी बंद असला तरी प्लग चालू असेपर्यंत एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) मदरबोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देतो आणि घड्याळ त्यावर चालतं. मेन स्विच पाडला की सगळा भार सेलवर.

सेल सीआर२०३२, ३ व्होल्ट. मल्टिमीटरवर नवा सेल ३च्या किंचित वर दाखवतो, २.८च्या खाली असेल तर बदला. काढण्याआधी बायोसमधल्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमधल्या) साटा मोड (डिस्क जोडायची पद्धत: एएचसीआय की रेड) आणि बूट ऑर्डरचे फोटो घ्या. सेल काढल्यावर सेटिंग्ज मूळपदाला जातात, आणि साटा मोड बदलला तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून अडतं. लोकांना वाटतं हार्ड डिस्क गेली. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच हाताशी ठेवा.

मग प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, सेल बदला. अधिक चिन्हाची बाजू वर.

पेंग्विन_कोकण:
दुसऱ्या पीसीबद्दल. मदरबोर्डवरच्या घड्याळात फक्त आकडे असतात, टाइम झोन नसतो. लिनक्स ते आकडे यूटीसी मानतं, विंडोज स्थानिक वेळ मानतं. सकाळी १० वाजता मिंट तिथे ४:३० लिहितं आणि विंडोज तेच वाचून पहाटेचे साडेचार दाखवतं. सेलचा यात संबंध नाही.

विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलणाऱ्या रेजिस्ट्री एडिटरमध्ये एचकेएलएम > सिस्टिम > करंटकंट्रोलसेट > कंट्रोल > टाइमझोनइन्फॉर्मेशन इथे ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ नावाची डीवर्ड (आकडी) व्हॅल्यू तयार करून १ ठेवा. एकदा मिंट चालवून वेळ जुळू द्या, मग विंडोजमध्ये या. यापुढे बायोसमध्ये वेळ साडेपाच तास मागे दिसेल आणि ते बरोबर आहे. कुणी जाऊन ‘दुरुस्त’ करू नये, म्हणून कॅबिनेटवर चिठ्ठी लावा.

बाइट_भाऊ:
याहून सोपं म्हणजे मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही कमांड, म्हणजे मिंटही स्थानिक वेळ मानेल. रेजिस्ट्रीला हात लावायला नको.

पेंग्विन_कोकण:
भारतात चालून जाईल, आपल्याकडे उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणं) नाही. पण ते दिल्यावर टाइमडेटसीटीएल स्वतःच इशारा छापतं की ही पद्धत पूर्णपणे समर्थित नाही. मी विंडोजच बदलेन. दोन्हीकडे एकदम मात्र करू नका, चूक उलट दिशेने परत येईल.

ताळेबंद:
दुसरा पीसी ठीक झाला. पहिल्याचा सेल २.३ व्होल्ट होता, बदलला. पण बायोसमध्ये तारीख न घालता तसाच चालू केला, तर ‘सिंक नाउ’ अजून चालत नाही.

सोल्डरगन:
तारीख हाताने घालावीच लागेल. डोमेनमध्ये (कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरखाली) नसलेल्या विंडोजमध्ये टाइम सर्व्हिस ५४,००० सेकंदांपर्यंतचाच, म्हणजे १५ तासांचाच फरक स्वतः भरून काढते. त्याहून जास्त दिसला तर ती नकार देते. मर्यादा योग्यच आहे, नाहीतर एखादा बिघडलेला सर्व्हर तुमचं घड्याळ वर्षानुवर्षं सरकवेल. टाइम झोन ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ आहे ना तेही बघा. चुकीच्या झोनमध्ये वेळ हाताने जुळवली तर पुढच्या सिंकला ती पुन्हा हलते.

नेटजाळं:
तरीही अडलं तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /स्टेटस’ द्या. सोर्सपुढे ‘लोकल सीमॉस क्लॉक’ (मदरबोर्डचंच घड्याळ) दिसलं तर पीसी बाहेर कुणाशीच जुळवून घेत नाहीये. मग ‘डब्ल्यू३२टीएम /स्ट्रिपचार्ट /कॉम्प्युटर:टाइम.विंडोज.कॉम /सॅम्पल्स:५’. पाच ओळींत फरकाचे आकडे आले तर रस्ता मोकळा आहे. ०एक्स८००७०५बी४ आलं तर टाइमआउट: राउटर किंवा फायरवॉल यूडीपी पोर्ट १२३, म्हणजे वेळ जुळवण्याचा नेटवरचा मार्ग, अडवतोय. वेबसाइट उघडतात म्हणून हेही चालत असेल असं धरू नका, वेब वेगळ्या मार्गाने, टीसीपी ४४३वर जातं. पीसी मोबाइल हॉटस्पॉटवर घेऊन तीच कमांड द्या. तिथे चालली की दोष राउटरचा.

सर्व्हर बदलायचा तर कंट्रोल पॅनेल > डेट अँड टाइम > इंटरनेट टाइम इथे समय१.एनआयसी.इन किंवा टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग टाका. सर्ट-इनच्या (सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांतही घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या) सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायला सांगितलंय.

ताळेबंद:
तारीख घातली, पहिल्याच दाबात सिंक झालं. स्ट्रिपचार्टमध्येही पाचही ओळी आल्या. रात्री मेन स्विच बंद ठेवून उद्या सकाळी बघते.