इंग्लंडच्या राजा सातव्या एडवर्डच्या काळातलं रोजचं जगणं, अजून कोणाला वेड आहे का?

टपालवेडी: १९०१ ते १९१० चं इंग्लंड मला जाम आवडतं, राजाबिजा नाही हो, साधी माणसं कशी जगायची ते. १९०२ पासून पोस्टकार्डाच्या एकाच बाजूला पत्ता नि मजकूर दोन्ही चालायला लागलं, तिकीट अर्धी पेनी, लंडनात दिवसातून कितीतरी वेळा टपाल, सकाळी "संध्याकाळी येतेय" लिहून टाकलं की दुपारपर्यंत पोचायचं! अजून काय वाचू?

निशाचर: मोलकरणींबद्दल वाच. पहाटे उठून फायरप्लेसची राख काढायची, मग गरम पाणी जिने चढून वर न्यायचं.

चष्मिष: समाजसंशोधक राउंट्रीचा यॉर्क शहरातल्या गरिबीचा सर्व्हे बघ, १८९९ चा, छापला १९०१ ला. जवळपास २८ टक्के लोक गरिबीत. फोटोतल्या हॅटा बघून भुलायला होतं बाकी.

टपालवेडी: बापरे. आणि म्हातारपणी?

चष्मिष: १९०९ पासून पेन्शन, आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग, तेही सत्तरी गाठली तर.