मुंबईत मन लागेल असं आर्किटेक्टचं ऑफिस शोधायचं कसं?

टी_स्क्वेअर

नमस्कार मंडळी. यंदा नाशिकहून बी.आर्क. झालो. मूळचा संगमनेरचा. डोंबिवलीला मावशीकडे राहायची सोय झाली आहे, त्यामुळे प्रश्न फक्त ऑफिसचा आहे.

इंटर्नशिप ज्या ऑफिसात केली त्याचं नाव नको. पाच महिने एका सोळा मजली इमारतीचं तेच ते टॉयलेट कॉपी-पेस्ट करत होतो. साईट एकदाच पाहिली, तीही सर त्या बाजूला गणपतीची वर्गणी द्यायला निघाले होते म्हणून.

तिसऱ्या वर्षाला असताना कोपरगावच्या शाळेतलं माया सोमैया वाचनालय पाहिलं होतं. विटांचं लाटेसारखं छप्पर, आणि पोरं त्याच्यावर चढून पलीकडे उतरतात. तेव्हापासून डोक्यात बसलंय की असलं काही जिथे शिजतं तिथे काम करायचं. इन्स्टावरून ४३ ऑफिसांची यादी केली आणि सगळ्यांना मेल टाकला. दोघांचं उत्तर आलं: सध्या जागा नाही. चांगलं ऑफिस बाहेरून ओळखायचं कसं?

कार्पेट_एरिया

मी बिल्डरकडे इन-हाउस आहे. सहाला निघतो, पीएफ कापला जातो, दिवाळीला बोनस मिळतो. मन लागणारं ऑफिस म्हणजे शनिवारी रात्री साडेनऊला सर खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, "जिना परत एकदा बघू या का?" हौस असेल तर जा. नाही असं नाही, मलाही कधीकधी जिना आठवतो.

ओळंबा

४३ जणांना एकच मेल! मी २०११ मध्ये सांगलीहून आले तेव्हा ६० पाठवले होते. त्यातल्या एकात दुसऱ्याच ऑफिसचं नाव राहून गेलं होतं, आणि नेमकं त्याच एकाचं उत्तर आलं. "आपण आम्हाला लिहिलं आहे का?" एवढंच.

शेवटी जिथे लागले तिथे कामाचे फोटो देखणे होते. पगार १४,००० आणि काम फक्त रेंडर, म्हणजे न बांधलेल्या इमारतींची कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं. सात महिन्यांत एकही भिंत प्रत्यक्ष उभी राहताना पाहिली नाही. घरी आई विचारायची, "काय बांधतेस गं?" सांगायला काही नसायचं. फोटो बघून ऑफिस निवडण्याची हौस तिथेच फिटली.

नंतरचं ऑफिस मला फोर्टमधल्या एका परांचीनं मिळवून दिलं. जुन्या दगडी इमारतीची दुरुस्ती चालली होती. खाली फुटपाथवर चुना चाळत बसलेले बाबा दिसले. आमच्या आजोळच्या वाड्याला चुन्याचा गिलावा होता, म्हणून थांबले. चुना किती दिवस भिजवलाय, विचारलं. बाबा खूश झाले. मुकादमाला हाक मारली, मुकादमाने वर नेलं, आणि वर एक मुलगी गुडघे टेकून कॉर्निसचं, म्हणजे भिंतीच्या वरच्या कडेच्या नक्षीदार पट्टीचं, माप घेत होती. तिला विचारलं, कुठल्या ऑफिसची? नऊ माणसांचं ऑफिस, वेबसाईट नाही, इन्स्टा तर नाहीच. तिथे मी पुढे सहा वर्षं होते.

म्हणून सांगते, ऑफिसांची यादी फाड आणि इमारतींची कर. आवडलेली इमारत कुणाची, तिथे साईटवर कोण होतं, ते पुढे कुठे गेले, या वाटेने जा. कोपरगावचं वाचनालय समीप पाडोरा यांच्या मुंबईतल्या ऑफिसचं, २०१८ चं, हे तुला माहीत असेलच. पण तुझ्या मेलमध्ये "आपलं काम प्रेरणादायी वाटलं" असं लिहिलंस की "मी त्या छपरावर चढलो होतो, विटांचे थर कडेला जमिनीला कसे टेकतात ते बघत बसलो" असं? दुसरं वाचलं की माणूस मेल बंद करत नाही. मी आता मेल वाचणाऱ्या बाजूला बसते, म्हणून माहीत.

नावांचं म्हणशील तर मुंबईत प्रकार इतके आहेत की 'चांगलं ऑफिस' या शब्दाला अर्थ उरत नाही. जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करायचं असेल तर विकास दिलावरी आणि आभा नारायण लांबा ही दोन नावं आधी येतात. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, ते काम दिलावरींचं. रॉयल ऑपेरा हाउस २०१६ मध्ये पुन्हा उघडलं, ते लांबांचं. शहराच्या भांडणात उतरायचं असेल तर पी. के. दास आहेत, वांद्र्याच्या किनाऱ्यावर लोक संध्याकाळी फिरतात त्यामागे त्यांची नागरिकांसोबतची वर्षानुवर्षांची खटपट आहे. स्टुडिओ मुंबईचं नाव प्रत्येक मुलाच्या यादीत असतं. बिजॉय जैन यांनी अलिबागेत सुतार आणि आर्किटेक्ट एकाच छपराखाली बसवले, आणि २०१० मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत त्या कामाच्या जागेचंच प्रदर्शन मांडलं. तिथे अर्ज जरूर कर. पण यादी तिथेच संपवू नकोस, कारण तुझ्या बॅचच्या निम्म्या मुलांनी तोच अर्ज केलाय.

आणि बेलापूरला जा. सेक्टर ८ मधलं आर्टिस्ट्स व्हिलेज. चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात केलेली वसाहत. साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण आणि त्याभोवती सात घरं, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं त्याने घर वाढवावं. लोकांनी ते इतकं मनावर घेतलंय की मूळचं उतरतं छप्पर शोधावं लागतं. तिथे दोन तास फिरलास की तुला कशात रस आहे ते तुझं तुलाच कळेल. अंगणं बघत बसलास तर एक, वाढवलेले मजले बघून हात शिवशिवले तर दुसरं. ऑफिस त्यानंतर.

टॉयलेट कॉपी-पेस्टला मात्र फार नावं ठेवू नकोस. मुंबईतली बहुतेक ऑफिसं पुनर्विकासावर चालतात. ३३(७) आणि ३३(१०) ही जुन्या इमारतींच्या आणि झोपडपट्ट्यांच्या पुनर्विकासाची कलमं, फंजिबल म्हणजे वर मिळणारं जादा क्षेत्रफळ, आयओडी म्हणजे महापालिकेची अटींसह पहिली मंजुरी, हे शब्द पहिल्या आठवड्यात कानावर पडतील. एरिया स्टेटमेंट, म्हणजे क्षेत्रफळाचा हिशेब, करताना मीही रडले आहे. पण नियमावली वाचता येणारा डिझायनर दुर्मीळ, आणि महापालिकेत पाठवलेल्या मुलाला फाइल कुठे अडते ते कळतं. फक्त वर्षभर तेवढंच करत राहिलास तर नाक दाबल्यासारखं होईल.

कार्पेट_एरिया

एक उपयोगाचं सांगतो, टोमणा नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघडला की आर्किटेक्टचं, स्ट्रक्चरल इंजिनियरचं नाव दिसतं. साईटच्या पत्र्यावरच्या बोर्डावरही असतं. पण जपून, बोर्डावरचा आर्किटेक्ट पुष्कळदा मंजुरीपुरता असतो, डिझाइन दुसऱ्याच कुणाचं. आमच्याकडे तसंच आहे.

भाऊचा_धक्का

मी आर्किटेक्ट नाही. अलिबाग, चौल, नागाव भागात बंगल्यांची सुतारकामं घेतो, वीस वर्षं झाली. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

ऑफिस कसलं आहे ते आम्हाला पहिल्या ड्रॉइंगमध्ये कळतं. काहींच्या दाराच्या चौकटीत बिजागरी कुठे बसणार ते काढलेलंच नसतं, फोन केला की म्हणतात "तुम्ही तुमच्या पद्धतीने करा". काही ठिकाणांहून मात्र खोबणीसकट पूर्ण मापाचं ड्रॉइंग येतं, आणि एक कोपरा आधी करून दाखवा म्हणतात. पावसात सागवान किती फुगेल ते विचारतात. एक मुलगी दर शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडून मांडव्याला उतरायची, तिथून सहा आसनी. पहिल्या महिन्यात तिला रंधा कशाला म्हणतात ते माहीत नव्हतं. आता ती माझी चूक काढते, आणि बरोबर काढते.

तर पोरा, चार सुतारांना आणि गवंड्यांना विचार. कोणाचे पैसे वेळेवर येतात तेही आम्हीच सांगू. जे ऑफिस सुताराचं बिल अडकवतं ते तुझा पगार काय वेळेवर देणार?

टी_स्क्वेअर

ओळंबाताई, भाऊकाका, खूप आभार. मेलमध्ये खरंच "प्रेरणादायी" लिहिलं होतं. दोनदा.

ताई, मुलाखतीला गेलो तर काय विचारू? आणि एका ठिकाणी तीन दिवसांची 'डिझाइन टेस्ट' सांगितली आहे, घरी बसून एका रिसॉर्टचं पूर्ण कॉन्सेप्ट. करू का?

ओळंबा

तीन दिवसांत रिसॉर्ट? ती टेस्ट नव्हे, फुकटचं काम आहे. ऑफिसात बसवून दोन तास एखादा सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, काढायला सांगितला तर कर. रिसॉर्टला नम्रपणे नाही म्हण.

मुलाखतीत त्यांच्याकडे वर्किंग ड्रॉइंगचा, म्हणजे साईटवर बांधायला देतात त्या नकाशांचा, एक सेट बघायला माग. क्लायंटचं नाव झाकून दाखवतील. जे दाखवायला कां-कूं करतात त्यांच्याकडे एक तर सेट नसतो, नाही तर बाहेरून करून घेतात. नवीन मुलं साईटवर कितव्या महिन्यात जातात ते विचार. आधी त्या खुर्चीवर कोण होतं, किती दिवस होतं, हेही विचार आणि उत्तर देताना चेहरा बघ. शक्य झालं तर जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी पोहोच. सगळे एकत्र डबे उघडतात की जो तो स्क्रीनसमोर बसून खातो, एवढ्यावरून मला तरी निम्मं कळतं. आमच्याकडे सर आठवड्यातून एकदा आमच्या डब्यातली भाजी पळवायचे आणि त्याच वेळी ड्रॉइंगवर बोट ठेवून चूक दाखवायचे.

पगाराचा आकडा तोंडी घेऊ नकोस. कागदावर. आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी केलीस का? १९७२ च्या कायद्यानुसार तिच्याशिवाय नावामागे 'आर्किटेक्ट' लावता येत नाही. पदवी मिळाली की आधी ते उरकून घे.

अजून एक. डोंबिवलीहून अंधेरीचं ऑफिस म्हणजे गाडी बदलत रोजचे चार तास. दोन ऑफिसं सारखीच आवडली तर मध्य रेल्वेवरचं घे. पहिल्या पावसाळ्यात माझी आठवण येईल.

टी_स्क्वेअर

रविवारी बेलापूरला जाऊन आलो. स्केच करत बसलो होतो तर एका काकूंनी चहा दिला आणि गच्चीवर नेलं. त्यांनी २००४ मध्ये वरचा मजला चढवला, जिना मात्र जुनाच ठेवलाय, कारण "त्या जिन्यावर बसून पोरांनी अभ्यास केला". मी अंगण सोडून दीड तास त्या जिन्याचीच मापं घेत बसलो.

पलीकडच्या गल्लीत एका घराचं काम चालू होतं. गवंड्याला विचारलं, त्याने आर्किटेक्टचा नंबर दिला. भायखळ्याला पाच जणांचं ऑफिस आहे. त्यांना जिन्याचं स्केच पाठवलं, दुसरं काहीच लिहिलं नाही. गुरुवारी अकराला बोलावलंय. प्रिंट ए३ वर नेऊ की ए२?

ओळंबा

ए३. आणि जिन्याचं मूळ स्केच ने, स्कॅन नको. भायखळा मध्य रेल्वेवरच आहे, पण साडेआठला प्लॅटफॉर्मवर असलास तरी पहिली गाडी सोडावी लागेल असं धरून चाल.

कार्पेट_एरिया

तो जिना इथे टाक ना. बघायचाय.